आई-वडील आणि मुलांना घेऊन अमृतसर आणि दिल्ली एकाच सहलीत कसं बसवावं?

तुम्ही नाशिकचे, नाताळच्या सुट्टीत आठ-नऊ दिवस हातात आहेत, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं. आईंना सुवर्णमंदिर बघायचंय, मुलांना दिल्ली. तुम्ही विचारलंय की आधी अमृतसर उरकून मग दिल्लीला यावं का, आणि देवदर्शन आणि शहर यांना दिवस कसे वाटून द्यावेत. मी मूळचा नांदेडचा, नोकरीनिमित्त दिल्लीत राहतो. गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना याच वाटेने नेत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं की वाटणी करूच नका. आधी दिल्ली, मग अमृतसर, आणि दोन्हीकडे एकच इतिहास बघत जा. शीख गुरूंच्या इतिहासातल्या काही मोठ्या घटना दिल्लीच्या भर बाजारात घडल्या आहेत. त्या जागा बघून मग दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, गेलात तर तिथे काय बघतोय हे मुलांनाही कळतं. उलट केलंत तर सुवर्णमंदिर म्हणजे सोन्याचा कळस आणि तळ्याकाठचा फोटो एवढंच त्यांच्या लक्षात राहण्याची भीती आहे.

दिल्लीतला पहिला सबंध दिवस चांदनी चौकाला द्या. सकाळी लाल किल्ला बघा (सोमवारी बंद असतो) आणि लाहोरी दरवाजातून बाहेर पडून समोरच्या रस्त्याला लागा. दिवसा तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. आई-वडिलांना सायकलरिक्षात बसवा, तुम्ही मुलांना घेऊन चाला. कोपऱ्यावरच जैनांचं लाल मंदिर आहे, आवारात जखमी पाखरांचा दवाखाना आहे, मुलांना तो नक्की दाखवा. त्याला लागून गौरीशंकर मंदिर, जे आपा गंगाधर नावाच्या मराठी माणसाने बांधलं असं सांगतात. पुढे चर्च, मग गुरुद्वारा सीसगंज, त्याच्या शेजारी सुनहरी मशीद, जिथून नादिरशहाने १७३९ साली कत्तल बघितली असं म्हणतात. आणि रस्त्याच्या पार टोकाला फतेहपुरी मशीद. हे सगळं दीड किलोमीटरच्या आत.

यातलं सीसगंज घाईत करू नका. काश्मिरी पंडितांची बाजू घेतली आणि धर्म बदलायला नकार दिला, म्हणून नववे गुरू तेगबहादूर यांचा इथे, तेव्हाच्या कोतवालीसमोर, नोव्हेंबर १६७५ मध्ये शिरच्छेद झाला. त्याआधी त्यांच्या डोळ्यांदेखत भाई मतिदास, भाई सतीदास आणि भाई दयाला यांना हाल करून मारलं होतं. मुलांना सांगा, रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. शाळेत ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या ठिकाणी येतात आणि बादशहा एकच, औरंगजेब, होता हे मुलांच्या ध्यानातच येत नाही. ज्या झाडाखाली शिरच्छेद झाला त्याचं खोड आणि गुरूंनी जिथे स्नान केलं ती विहीर आत जपून ठेवली आहे. बाहेर रिक्षांच्या घंट्या, जिलबीची कढई, माणसांची रेटारेटी, आणि चार पायऱ्या चढलात की नुसतं कीर्तन. तासभर तरी बसा.

दुसऱ्या दिवशी रकाबगंज आणि बंगला साहिब हे दोन गुरुद्वारे. सीसगंजची गोष्ट रकाबगंजला पुढे सरकते. गुरूंचा देह उचलायची कुणाची हिंमत नव्हती. लखीशाह वणजारा या व्यापाऱ्याने तो आपल्या गाडीतून घरी नेला आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून अख्ख्या घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केले. त्या घराच्या जागी आज गुरुद्वारा आहे, संसद भवनाच्या अगदी शेजारी. शीर मात्र भाई जैता यांनी लपवून आनंदपूरला पोचवलं. तिथे गुरूंचा नऊ वर्षांचा मुलगा होता, पुढे तेच गुरू गोविंदसिंग झाले आणि १७०८ साली आमच्या नांदेडला त्यांनी देह ठेवला. नांदेडात वाढलेल्या माणसाला हुजूर साहिब, म्हणजे त्या जागेवरचा गुरुद्वारा, घरचाच. पण त्या कहाणीची सुरुवात दिल्लीत उभं राहून ऐकली तेव्हा मला आमचं गावही नव्याने समजलं.

बंगला साहिब कनॉट प्लेसपासून चालण्याच्या अंतरावर आहे. विमानतळाच्या मेट्रोवर शिवाजी स्टेडियम स्टेशन आहे, ते जवळ पडतं. हा बंगला मुळात मिर्झाराजे जयसिंगांचा, पुरंदरच्या तहातले तेच जयसिंग. आठवे गुरू हरकिशन १६६४ साली इथे उतरले होते, वय अवघं सात-आठ वर्षांचं. दिल्लीत देवीची साथ होती. या घरच्या विहिरीचं पाणी ते रोग्यांना देत राहिले आणि शेवटी त्याच साथीत गेले. त्यानंतर सव्वा वर्षाने जयसिंग पुरंदरच्या पायथ्याशी महाराजांसमोर बसलेले होते. तुमच्या मुलांच्या वयाचा गुरू म्हटल्यावर मुलं कान देऊन ऐकतात, माझा हा नेहमीचा अनुभव आहे.

बाकीची दिल्ली तुम्हाला कुणीही सांगेल. हुमायूनची कबर, कर्तव्य पथ, नॅशनल म्युझियम (तेही सोमवारी बंद, पिप्राह्वा इथे सापडलेले बुद्धांचे अस्थिअवशेष तिथे आहेत), मुलांसाठी मेट्रोचा प्रवास. कुतुबमिनारला गेलात तर मेहरौलीतच बंदासिंग बहादूर यांची वधाची जागा आहे. गुरू गोविंदसिंगांनी त्यांना नांदेडहून पंजाबात पाठवलं होतं, १७१६ साली त्यांना इथे मारलं. राहायला करोल बाग किंवा कनॉट प्लेसच्या आसपास बघा. डिसेंबरात दिल्लीची हवा वाईट असते, वडिलांना दम्याचा वगैरे त्रास असेल तर इथे तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नका आणि पहाटे फिरायला पाठवू नका.

दिल्लीहून अमृतसरला दिवसाची गाडी घ्या. शताब्दी किंवा वंदे भारतने साडेपाच-सहा तास लागतात. खिडकीची जागा मुलांना द्या, कारण वाटेत पानिपत लागतं. त्यासाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही, पण स्टेशनची पाटी दिसली की वडिलांना दोन शब्द बोलायला लावा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर जो अब्दाली होता, त्यानेच पुढच्या वर्षी अमृतसरचं हरिमंदिर, म्हणजे हेच सुवर्णमंदिर, सुरुंग लावून उडवलं आणि सरोवर बुजवलं. आज दिसतं ते मंदिर त्यानंतर शिखांनी पुन्हा उभारलेलं आहे, सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंगांच्या काळातला. तुमचं कुटुंब दरबार साहिबच्या दारात उभं राहील तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

अमृतसरला कमीत कमी तीन रात्री ठेवा आणि हॉटेल दरबार साहिबपासून चालत जाता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी चालेल. एकदा दर्शन घेतलं, झालं, अशी ती जागा नाही. दुपारी एकदा जा, रात्री एकदा जा आणि एकदा पहाटे जा. रात्री ग्रंथसाहिब, म्हणजे शिखांचा धर्मग्रंथ, पालखीतून समोरच्या अकाल तख्त या इमारतीत नेतात, पहाटे परत आणतात. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी तिथल्याच सेवेकऱ्याला विचारून घ्या. मंदिराकडे जाणाऱ्या पुलावरची रांग तास-दोन तासांची असू शकते, शनिवार-रविवारी जास्त. आईंना तेवढं उभं राहवत नसेल तर व्हीलचेअर मिळते. डोकं झाकायला प्रत्येकाचा स्वतःचा रुमाल न्या. मुख्य मंदिरात फोटो काढत नाहीत.

आत शिरताना पायऱ्या उतराव्या लागतात आणि मंदिराला चार दिशांना चार दारं आहेत, हे मुलांना बघायला सांगा. १६०४ साली गुरू अर्जन यांनी इथे आदिग्रंथ स्थापन केला. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. सरोवराभोवतीच्या परिक्रमेत बसलात की पडद्यावर चालू कीर्तनाचे शब्द अर्थासह दिसत राहतात. माझी आई अभंगांवर वाढलेली. त्या पडद्यावर नामदेवांचं नाव आलं तेव्हा तिने हात जोडले, आणि पुढचा सगळा वेळ ती तिथून हलायला तयार नव्हती. समोर अकाल तख्त आहे, गुरू हरगोविंदांनी उभारलेलं. १९८४ च्या जूनमध्ये लष्कराच्या कारवाईत ती इमारत उद्ध्वस्त झाली होती, आजची नंतर बांधलेली आहे. मोठ्या मुलाने विचारलं तर टाळू नका, सांगा.

लंगरला जेवणं चुकवू नका. दारातच हातात स्टीलचं ताट देतात, लांब पट्ट्यांवर ओळीने बसवतात, बादलीतून डाळ, खीर वाढत सेवेकरी भराभर पुढे जातात. पोळी ताटात टाकत नाहीत. दोन्ही तळवे एकत्र करून वर धरायचे, मग ती हातावर पडते. लहान मुलाला हे आधी सांगून ठेवा. जेवण झालं की लगेच उठून हॉटेलवर जाऊ नका. खाली लसूण सोलायला, पोळ्या लाटायला, ताटं घासायला कुणीही बसू शकतं. मुलांना तासभर ताटं घासू द्या. शेकडो ताटांचा तो खणखणाट आणि शेजारी बाह्या सरसावून बसलेली अनोळखी माणसं, यापुढे कुठलंही म्युझियम फिकं आहे.

जालियनवाला बाग तिथून पाच मिनिटांवर आहे. भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि ती विहीर बघा. टाऊन हॉलमधलं फाळणी संग्रहालय मात्र मी आवर्जून सांगेन. लोकांनी सोबत आणलेल्या साध्यासुध्या वस्तू आणि त्यांच्या तोंडच्या आठवणी आहेत. आपल्याकडे फाळणी पुस्तकात वाचली जाते, तिथे ती घराघरातली आहे. अटारीच्या सीमेवरचा झेंडा उतरवायचा कार्यक्रम मुलं मागतील, पण गर्दी आणि ताटकळणं म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. तुम्ही मुलांना घेऊन जा, आई-वडिलांना दरबार साहिबला बसू द्या. वेळ आणि सध्याचं स्वरूप हॉटेलवर विचारून मगच निघा.

एक दिवस मोकळा उरला तर गाडी करून घुमानला जा. गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव आहे, जाऊन-येऊन एका दिवसात आरामात होतं. नामदेवांचं उत्तरायुष्य तिथे गेलं असं तिथले लोक मानतात आणि ‘बाबा नामदेव’ म्हणून त्यांची पूजा करतात. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर ज्या आपुलकीने विचारपूस होते ती अनुभवावी. तुमची आई वारकरी घरातली असेल तर अटारी सोडा आणि हे करा.

आता डिसेंबरचं. धुक्याने गाड्या आणि विमानं दोन्ही उशिरा धावतात, म्हणून एका दिवसात दोन प्रवास जोडू नका आणि शेवटचा दिवस रिकामा ठेवा. परिक्रमेचा संगमरवर पायाला बर्फासारखा लागतो. आत शिरताना पाण्यातून पाय धुऊन जावं लागतं, त्यामुळे मोज्यांचे जादा जोड पिशवीत ठेवा. नाताळचाच आठवडा पंजाबात गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या मुलांच्या बलिदानाचा असतो, २६ डिसेंबरचा वीर बाल दिवस त्यांचाच. त्या दिवसांत रस्त्याकडेला जागोजाग लंगर लागलेले दिसतील आणि हात जोडून बोलावतील. थांबा आणि घ्या, नाही म्हणू नका.

परत दिल्लीला यायची गरज नाही. सचखंड एक्स्प्रेस अमृतसरहून नांदेडला येते आणि वाटेत मनमाडला थांबते, नाशिककरांना याहून सोयीचं काही नाही. काही स्टेशनांवर सेवेकरी गाडीतल्या प्रवाशांना लंगर वाढतात, तेव्हा डबे-वाट्या हाताशी ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळाच्या गाड्या लगेच भरतात. आधी हे परतीचं तिकीट काढा, मग दिल्ली-अमृतसर, आणि हॉटेलं शेवटी.