चूक कुठली परवडेल, ते आधी ठरव

अनेक उत्तम आशीर्वाद.

संख्याशास्त्राच्या एमएस्सीत बायोस्टॅट (औषधं-आरोग्याची आकडेवारी) घेऊ, अ‍ॅक्चुरिअल (विम्याचं गणित) घेऊ की डेटा सायन्स, हा तुझा प्रश्न आणि त्याखाली चिकटवलेले पगारांचे स्क्रीनशॉट, दोन्ही पाहिलं. ते आकडे कुणी, कुणाला विचारून गोळा केले हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही. बीएस्सीला सॅम्पलिंग शिकलेल्या मुलीनं ते मला पाठवावेत याची गंमत वाटली. असले फॉर्म भरायला घसघशीत पगारवालेच पुढे येतात. बाकीचे गप्प बसतात. असो. एमएस्सीला प्रवेश मिळाला याचा मात्र मनापासून आनंद आहे. तुझ्या आईनं पेढ्यांचा फोटो पाठवला. पेढे अजून यायचेत.

तू नावावरून, पॅकेजवरून आणि सिनियर काय म्हणतात त्यावरून वाट निवडायला निघाली आहेस. सगळेच तसं करतात. पण आतलं गणित बघितलंस तर सगळ्या शाखांचं बरंचसं सारखंच आहे. तेच रिग्रेशन, तेच लाइकलीहूड, तोच व्हेरिअन्स. फरक चुकीत असतो. कुठली चूक महाग पडते, ती कुणाला भोवते आणि चुकलो हे कळायला किती वेळ लागतो, या तीन गोष्टी शाखेशाखेला बदलतात आणि त्यांच्यासोबतच पुढची तीसेक वर्षं काढायची असतात. टाइप वन (नसलेलं आहे म्हणणं) आणि टाइप टू (असलेलं नाही म्हणणं) एररची गणितं तू ढिगानं सोडवलीस. अल्फा, म्हणजे टाइप वनची चालवून घ्यायची शक्यता, पाच टक्के, हे प्रश्नातच दिलेलं असायचं. ते पाच टक्के कुणी ठरवले, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घे. बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, अशी रेषा धरली. १९६०-६१ च्या आकड्यांवरून ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेखाली निघाली. मग त्याविरुद्ध पां. वा. सुखात्मे उभे राहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, रोममध्ये एफएओत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, संख्याशास्त्राचं काम पाहिलेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन राहिलेले. त्यांचं म्हणणं असं की असला आकडा ही सरासरी गरज झाली. गरज माणसागणिक बदलते, आणि त्याच माणसाची या आठवड्याची गरज पुढच्या आठवड्यापेक्षा वेगळी असते. तेव्हा रेषा सरासरीवर न ओढता दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) खाली ओढा. दांडेकरांना ते मुळीच मान्य नव्हतं. दोघेही संख्याशास्त्राचे, दोघेही पुण्यात, आणि वाद चालला बरीच वर्षं.

आता हा वाद तू स्वतः कागदावर मांडून बघ. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसांचं नॉर्मल वितरण काढ. रेषा सरासरीवर ठेवलीस तर यातली निम्मी माणसं तू उपाशी ठरवलीस. दोन विचलनं खाली नेलीस तर चुकून उपाशी ठरलेले उरतात जेमतेम २.३ टक्के. छान वाटतं ना? पण आता खरोखर अर्धपोटी असलेल्यांचं वितरण त्याच कागदावर, थोडं डावीकडे सरकवून काढ आणि त्यातले किती जण रेषेच्या वर निसटले ते मोज. आकडेवारीतून उत्तर आपोआप पडत नाही. जेवलेल्याला उपाशी म्हणणं वाईट की उपाशी माणसाला जेवलेला म्हणणं, हे ठरवावं लागतं. शिवाय पाहणीतले आकडे घराचे असतात, एकेका माणसाचे नव्हेत. चार माणसांची सरासरी काढली की माणसामाणसातला फरक बराचसा एकमेकांत जिरतो. मग दोन विचलनं म्हणजे नेमकी कशाची विचलनं? माझा कौल विचारशील तर मला दांडेकरांची बाजू जास्त पटते. तुला दुसरी पटली तर भांडायला ये, पण कागद घेऊन ये.

ज्यांना असल्या प्रश्नांत रस आहे त्यांनी सर्वेक्षण आणि शासकीय आकडेवारीची वाट धरावी. इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा यूपीएससी घेते. संख्याशास्त्राचे चार पेपर असतात, पहिले दोन वस्तुनिष्ठ आणि पुढचे दोन सविस्तर उत्तरांचे. वयाची अट तिशीची आहे, म्हणजे ‘आधी नोकरी, मग बघू’ म्हणण्यात वर्षं निघून जातात. पण परीक्षेपेक्षा मला तुला शेतावर पाठवायला आवडेल. तुझ्या मामाच्या गावी पीक कापणी प्रयोग कधी असतो ते विचार आणि एकदा बघून ये. त्यात शेतात दोरीनं ठरावीक मापाचा तुकडा आखतात आणि तेवढंच पीक कापून तोलतात. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावलं, रुंदीकडे किती, हे यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. पावलं मोजत जावं तर नेमकी खुरटलेली ज्वारी समोर येते, आणि बांधावरचं कुणीतरी म्हणतं, ‘इथं काय आहे? तिकडं टाका की दोरी.’ त्या क्षणी दोरी हलली की सॅम्पलिंगच्या पुस्तकातली सगळी सूत्रं गेली. बरं, दोरी बरोबर पडली तरी काठावरच्या ताटांचा प्रश्न उरतोच. दोरीच्या रेषेवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर? हात आपसूक ते आत ओढतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्रफळाच्या मानानं काठ जास्त, म्हणून उत्पन्न फुगतं. याच मुद्द्यावर १९४० च्या दशकात सुखात्मे आणि कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्यात जुंपली होती. सुखात्म्यांचा आग्रह मोठ्या तुकड्याचा. आज त्या ताटांतून निघालेल्या धान्याच्या वजनावर पीक विम्याची भरपाई ठरते. ही चूक कॉम्प्युटरवर बसून कधीच दिसत नाही, कारण फाइलमध्ये आकडा व्यवस्थितच असतो.

तुझा कल बायोस्टॅटकडे आहे हे तुझ्या आईकडून कळलं. मी पोटापाण्यासाठी तेच केलं, तेव्हा त्याचं थोडं सविस्तर सांगते. क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, कुचकामी औषधाला गुणकारी ठरवणं ही सगळ्यांत वाईट चूक, आणि सगळी यंत्रणा तिच्यावर पहारा ठेवते. कुणाला औषध मिळालं आणि कुणाला प्लासिबो (औषधासारखी दिसणारी नुसती गोळी), हे उघड होण्याआधीच अ‍ॅनालिसिस प्लॅन लिहून त्यावर सह्या होतात. नंतर निकाल मनासारखा आला नाही म्हणून पन्नाशीवरच्या बायकांचा वेगळा गट काढून ‘बघा, यांच्यात चालतंय’ असं म्हणायची सोय उरत नाही. अर्ध्यातून औषध सोडलेला पेशंट मूळच्या गटातच मोजायचा, कारण सोडून जाणारे असेतसे कुणीही नसतात. त्रास झालेलेच आधी सोडतात. महत्त्वाचं टेबल दोन प्रोग्रामर एकमेकांचा कोड न बघता बनवतात आणि मग आकडे ताडून पाहतात. एका पेशंटची भेटीची तारीख एकानं एका तऱ्हेनं धरली आणि दुसऱ्यानं दुसऱ्या, की दशांश जुळत नाही, आणि तो एक पेशंट शोधण्यात संध्याकाळ जाते. हे वाचून तुला कंटाळा आला असेल तर बायोस्टॅट घेऊ नकोस. वैताग आला पण तो पेशंट शोधावासाही वाटला, तर खुशाल घे.

या वाटेवर सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, म्हणजे एखादी घटना घडायला किती काळ लागतो त्याचं गणित, नीट शीक. आठव्या महिन्यात बदली होऊन नांदेडला गेलेला पेशंट आठ महिने ठीक होता एवढंच आपल्याला माहीत असतं. ही अर्धवट माहिती फेकून न देता वापरायची कशी, याचं उत्तर कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलं आणि कॉक्सनं १९७२ मध्ये ते फार पुढे नेलं. आणि एक कडू गोष्ट. बाणेर, खराडी, हिंजवडीकडच्या जाहिरातींत ‘बायोस्टॅटिस्टिशियन’ आणि ‘स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर’ ही दोन वेगळी पदं असतात. दुसऱ्यात काम बहुतेक एसएएस या सॉफ्टवेअरमधलं, साच्याप्रमाणे डेटासेट आणि टेबलं बनवण्याचं. वाईट मुळीच नाही, पण तिथं जाऊन ‘डिझाइन करायला मिळत नाही’ म्हणून रडायचं नाही. मुलाखतीतच विचार, सॅम्पल साइज कोण काढतं, आणि कुठं बसून काढतं.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतलं काम हल्लीच्या मुलांना जुनाट वाटतं. मला वाटत नाही. कंट्रोल चार्टवर (मालाची मापं वेळोवेळी टिपायचा आलेख) तीन सिग्माच्या, म्हणजे तीन प्रमाण विचलनांच्या, मर्यादा घातल्या की प्रोसेस अगदी ठीक असतानाही साधारण ३७० बिंदूंमागे एक बिंदू बाहेर पडतो. तासाला एक सॅम्पल आणि तीन शिफ्ट धरल्या तर सरासरी पंधरा-सोळा दिवसांनी एक खोटी बोंब. मर्यादा आवळून दोन सिग्मावर आणल्यास तर दिवसातून एखादी. आठवड्याभरात सुपरवायझर चार्टकडे बघायचं सोडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे दर वेळी मशीनची सेटिंग हलवत बसेल आणि चांगली चाललेली प्रोसेस बिघडवेल. इथं चूक दुसऱ्या दिवशी कळते, तोंडावर कळते आणि बहुधा मराठीत कळते. शिकायला यासारखी जागा नाही.

डेटा सायन्सबद्दल माझा सूर तुला कुरकुरा वाटेल. काम भरपूर आहे आणि पैसाही आहे. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी एकाच वेळी तपासल्या, खरं तर कशातच काही नसलं, तरी पाच टक्क्यांच्या पातळीवर निदान एक तरी ‘सापडण्याची’ शक्यता ६४ टक्के असते. तिथं वीस कशाला, दोनशे तपासतात. आणि सापडलेलं खोटं होतं हे कळतच नाही, कारण तोवर डॅशबोर्ड बदललेला असतो. पायथन शीकच, आर येतंच तुला. फक्त जिथं कुणी चूक दाखवत नाही तिथं आपणच आपली तपासणी करायची सवय लागते, आणि ती कॉलेजातच लागली तर लागते.

अ‍ॅक्चुरिअलचं थोडक्यात. एमएस्सी झालं म्हणून कुणी अ‍ॅक्चुअरी होत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीजच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात आणि त्या वर्षानुवर्षं चालतात. तीस वर्षांच्या पॉलिसीच्या हप्त्याचा हिशेब आज चुकला तर तो उघड होईपर्यंत तू निवृत्तीला आलेली असशील. चिकाटी असेल तर उत्तम.

एक मात्र माझं पक्कं मत आहे. स्पेशलायझेशन ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट आहे, पहिल्या वर्षी तिचं नावही काढू नकोस. लिनियर मॉडेल्स आणि इन्फरन्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं) या दोन पेपरांत हलगर्जी केलीस तर पुढची कुठलीही वाट लंगडी. इन्फरन्समध्ये हुजूरबाजारांचं प्रमेय येईल: काही अटी पाळल्या गेल्या, तर नमुना वाढत जाईल तसं लाइकलीहूड समीकरणाचं सुसंगत, म्हणजे खऱ्या उत्तराकडे सरकणारं, मूळ एकच उरतं. मुलं ते पाठ करून मोकळी होतात. हे वसंत हुजूरबाजार कोल्हापूरचे, केंब्रिजला शिकून आलेले. १९५३ पासून पुणे विद्यापीठातल्या गणित-संख्याशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. निदान गणेशखिंडीत, त्याच विद्यापीठात, शिकणाऱ्यांनी तरी ती सिद्धता एकदा स्वतःच्या हातानं लिहावी. टाइम सिरीजमध्ये (काळानुसार बदलत जाणाऱ्या आकड्यांचा पेपर) यूल-वॉकर समीकरणं येतील. त्यातले वॉकर वीस वर्षं भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. ते मायदेशी परतल्यावर चारेक वर्षांनी, १९२८ मध्ये, खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. परीक्षेला उपयोग शून्य, पण बसस्टॉपवर आठवेल.

ऑन जॉब ट्रेनिंगला जागा शोधशील तेव्हा मोठं नाव बघू नकोस. जिथं डेटा जन्माला येतो तिथं जा: हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग, कारखान्याची क्वालिटी लॅब, गावोगाव पाहणी करणारी एखादी संस्था. प्रमाणपत्र साधं मिळेल, चालेल. तिथून आलीस की त्या आकड्यांत चूक कुठून शिरते ते पानभर लिहून मला पाठव; ऐच्छिक विषयांचं आपण त्यानंतरच बोलू. लिनियर मॉडेल्सच्या माझ्या वह्या माळ्यावरून काढून ठेवल्या आहेत, कॉलेज सुरू व्हायच्या आत घेऊन जा. दुसऱ्या वहीत व्हेक्टर स्पेसचं आहे, तिथून सुरुवात कर.

तुझी,
मावशी