लँडिंग रद्द करून पुन्हा वर जाताना लहान विमान का कोसळतं?

एक नेहमीचं कारण: वेग येण्याआधीच फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या, कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या हलत्या पट्ट्या) वर घेणे.

उतरताना विमान हळू असतं, पंखांमागचे फ्लॅप्स खाली असतात आणि ट्रिमही (नाकाचा कोन आपोआप धरून ठेवणारी जुळणी) कमी वेगासाठी लावलेला असतो. अशात थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) एकदम पूर्ण उघडला की नाक आपोआप वर उचलतं आणि प्रॉपेलरमुळे विमान डावीकडे ओढलं जातं. वैमानिकाने विमानाचं नाक खाली दाबून धरायचं, उजवं रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) द्यायचं, आधी वेग मिळवायचा आणि मग फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने घ्यायचे. ते एकदम घेतले तर पंखांची उचल क्षणात घटते. त्यात वळण घेतलेलं असलं तर विमान स्टॉल होऊन (म्हणजे पंखांची उचल तुटून) गिरक्या घेत खाली येतं. तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते.

९ जून २०१६ ला अमेरिकेत ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळाजवळ नेमकं हेच झालं. सिरस एसआर२० हे छोटं विमान उतरत होतं. मागून जास्त वेगाने बोइंग ७३७ येत होतं, म्हणून विमानतळाच्या टॉवरमधल्या कंट्रोलरने सिरसला परत वर जायला सांगितलं. पुढचे दोन प्रयत्नही फसले, उंची जास्त राहिली. मधल्या काळात धावपट्टीच्या आणि वळणांच्या सूचना येतच होत्या. (अशा वेळी डोकं शांत ठेवा म्हणणं सोपं आहे हो!) तिसऱ्यांदा वर जाताना विमान स्टॉल झालं आणि एका दुकानाच्या पार्किंगमधल्या रिकाम्या गाडीवर आदळलं. विमानातले तिघेही गेले.

सिरसला अख्खं विमान तोलणारं पॅराशूट असतं, पण इतक्या खाली त्याचाही उपयोग नव्हता. अमेरिकन तपास यंत्रणा एनटीएसबीने सुरक्षित वेगाआधी फ्लॅप्स घेणं हेच मुख्य कारण धरलं.