तीनला थांब

प्रिय पोरी,

तुझी एक्सेल शीट पाहिली. पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, सायकलनं, 335 मैल, पाच दिवस. रोज 67 मैल, म्हणजे जवळजवळ 108 किलोमीटर. निघायची वेळ, पोचायची वेळ, सरासरी वेग, पाणी किती, कॅलरी किती. रंगसुद्धा दिलेत. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, "मावशी, सगळं सपाटच आहे म्हणे. सपाटीवर एवढंही झालं नाही तर हसतील गं सगळे."

ती शेवटची ओळ मला झोंबली, म्हणून हे पत्र. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही.

आधी सायकलचं उरकते, कारण तू त्यावर दोन परिच्छेद खर्च केलेस. आहे ती सायकल ने. टायर 40 मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही चाकांना मडगार्ड, मागे कॅरिअर, ब्रेकपॅड नवे. कार्बनचं खूळ डोक्यातून काढ. झालं.

आता मुद्द्याचं. दुपारी तीनला थांबायचं. तीनच्या आत जिथे पोचता येईल तिथे मुक्काम. तंबू असो, लॉज असो, ऊन असो, पायांत जोर असो. विशेषतः पायांत जोर असेल तेव्हा. तुझ्या शीटमध्ये पोचायच्या वेळा साडेसहा, सात, एके दिवशी तर पावणेआठ आहेत. ऑक्टोबरच्या मध्यात इकडे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, हे तुझ्या कुठल्या रकान्यात आहे?

सपाट आहे, बरोबर. पण का आहे ते ऐक. आगगाडीचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढ आला की घसरतं. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी नदीचा काठ धरला, डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल बांधले. कॉनेल्सव्हिलपासून कंबरलँडपर्यंतची ही वाट वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची, 1912 मध्ये पुरी झालेली. साठेक वर्षांत तिचा धंदा बसला. मग गावोगावच्या लोकांनी त्या जागेवर चुनखडीची बारीक खडी दाबून सायकलची वाट केली, तीही तुकड्यातुकड्यानं. पहिला तुकडा ओहायोपाइलजवळ 1986 मध्ये, शेवटचा पिट्सबर्गमध्ये 2013 मध्ये. सत्तावीस वर्षं लागली त्यांना. तू पिट्सबर्ग ते कंबरलँडचे ते 150 मैल सव्वादोन दिवसांत उरकणार आहेस.

पिट्सबर्गहून निघालीस की आधी मोनोंगाहेला, मग यॉकगेनी, मग कॅसलमन, अशा एकीचा हात सोडून दुसरीचा धरत 200 किलोमीटरमध्ये तू फक्त पाचशे मीटर चढतेस. वर 729 मीटरवर ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड लागतो. अलीकडे पडलेला पाऊस मेक्सिकोच्या आखाताला, पलीकडचा चेसापीकच्या उपसागराला. तिथून कंबरलँड 38 किलोमीटर आणि जेवढं चढलीस तेवढं सगळं खाली. म्हणून बरेच लोक पिट्सबर्गहून निघतात, तूही तसंच कर.

आता "सपाट" म्हणून हसणाऱ्यांना जे कळत नाही ते सांगते. घाटात चढ झाला की उतार येतो. उतारावर पाय थांबतात, तू उभी राहतेस, बूड उचलतेस, हात झटकतेस. इथे तसं काही नाही. पेडल थांबलं की सायकल थांबली. आठ तास तीच बैठक, तोच वेग, तळहातांवर तोच भार. पहिल्या दिवशी मजा वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं, आणि बुडाचं काय होतं ते लिहीत नाही. सिंहगड चढून आलेली मुलगी यॉकगेनीच्या काठी सपाटीवर रडताना मी पाहिली आहे, आणि वाजले होते साडेपाच. तीनला थांबली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसली असती.

कंबरलँडनंतर तर थांबण्याला पर्यायच नाही. तिथून जॉर्जटाऊनपर्यंत 184.5 मैल चेसापीक अँड ओहायो कालव्याचा काठ, पोटोमॅक नदीला लागून. काठावरून खेचरं नावा ओढायची, ती त्यांची वाट. आधीच्या वाटेसारखी दाबलेली खडी सगळीकडे मिळेल हे विसर. बऱ्याच ठिकाणी माती, मुळं, आणि पाऊस झाला असेल तर चिखल. सायकमोरची पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी असतात, ती मुळांवर पडतात आणि मूळ दिसत नाही. सकाळी दहाला तू ते मूळ चुकवशील. संध्याकाळी सहाला चुकवणार नाहीस. बहुतेक पडापड तिथे थकल्यावर होते आणि पडलेला प्रत्येकजण सांगतो, "बस, पाचच मैल राहिले होते."

पावसाळी दिवसानंतर सायकलकडे नीट बघ. राखाडी लगदा चेनच्या कडीकडीत जाऊन बसलेला असतो, ब्रेक दाबला की पाट्यावर मीठ वाटल्यासारखा आवाज येतो. तो लगदा वाळायच्या आत फडक्यानं पुसायचा, एकेक कडी, पेडल उलटं फिरवत, मग तेलाचा थेंब, मग पुन्हा पुसायचं. अर्धा तास लागतो आणि उजेड लागतो. म्हणजे किती वाजता थांबायला हवं?

गोचिडींचंही तेच. पोटोमॅककाठच्या गवतात त्या आहेत आणि त्यांच्यामुळे लाइमचा आजार होतो. तंबूत टॉर्चच्या उजेडात तिळाएवढी गोचीड दिसत नाही. उजेडी बघायचं, गुडघ्यामागे, काखेत, मोज्यांच्या कडेला, केसांत. तुझी आई इथे असती तर तिनं बघितलं असतं. ती इथे नाही, तर तू बघ.

या काठावर दर काही मैलांवर मुक्कामाच्या फुकट जागा आहेत. लाकडी टेबल, संडास आणि हापसा. अगदी आपल्याकडचा असतो तसा हापसा, दांडा वरखाली करायचा. पाण्यात आयोडीन घालतात. रंग जरा पिवळसर दिसतो, वास दवाखान्याचा येतो. नाक मुरडू नकोस, पी. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेते, त्या तीनचार दिवस टिकतात, आणि त्या पाण्याबरोबरही छान लागतात. नोव्हेंबरच्या मध्याला हापसे बंद करतात, तेव्हा तुझी तारीख आणखी पुढे ढकलू नकोस.

हा कालवा कसा हरला ते तुला माहीत आहे का? 4 जुलै 1828 ला त्याचं काम सुरू झालं, आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचं. दोघांनाही पश्चिमेला ओहायो नदीपर्यंत पोचायचं होतं. रेल्वे कंबरलँडला 1842 मध्ये आली, कालवा 1850 मध्ये. मधे पॉ पॉचा बोगदा अडवून बसला होता. 950 मीटर लांब. कंत्राटदारानं दोन वर्षांत करून देतो म्हणून 1836 ला सुरुवात केली. पैसे संपले, मजुरांच्या मारामाऱ्या झाल्या, लागली चौदा वर्षं. त्याचीही शीट तुझ्यासारखीच रंगीत असणार. ओहायो राहिलं नावापुरतं, 74 लॉक, म्हणजे नावा वरखाली करायची पाण्याची दारं, बांधून कालवा कंबरलँडलाच संपला, आणि 1924 च्या पुरानंतर बंद पडला.

तर हरलेला कालवा तुझ्या चाकाखाली आहे, आणि जिंकलेल्या रेल्वेच्या मार्गावरून मालगाड्या अजूनही रात्री त्याच खोऱ्यातून शिट्ट्या घालत जातात. कानात घालायचे बोळे ने.

1954 मध्ये तिथे मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं आणि वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेखात त्याला पाठिंबा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं, की माझ्याबरोबर हा काठ चालून बघा. ते आले, चालले, आणि त्यांनी मत बदललं. 1971 मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. सगळे 184.5 मैल चालले ते फक्त नऊजण. बाकीच्यांना कुणी हसल्याचं माझ्या वाचनात नाही.

मला हसले आहेत, ते सांगते. माझा एक ग्रुप होता. शनिवार-रविवार आम्ही एकत्र जायचो. मग त्यांना घड्याळं आली, मग अ‍ॅप आलं, मग कोण किती वाजता कुठे पोचलं याची यादी ग्रुपवर पडायला लागली आणि त्यात माझं नाव तळाशी. मी तीनला थांबणार म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मग कारनंच या की." मी ग्रुप सोडला. वाईट वाटतं, नाही असं नाही, त्यात चांगली माणसं होती. पण पुण्यात तासावर भाड्यानं सायकल आणून आम्ही मुली शिकलो, पुढे कर्वे रस्त्यानं कॉलेजला गेलो, तेव्हा सरासरी वेग कुणी विचारला नव्हता, आणि तो आता साठीनंतर मी कुणाला देणं लागत नाही.

काकांचंही सांगते, नाहीतर तू त्यांनाच विचारशील. त्यांना दामटायला आवडायचं. ते पुढे जायचे, मी मागून, आणि रात्री एका तंबूत दोन तोंडं दोन दिशांना. आता त्यांचे गुडघे गेले. कधीकधी वाटतं, चारदोन वेळा जायला हवं होतं त्यांच्या वेगानं. मग वाटतं, त्यांना माझ्या वेगानं यायला काय झालं होतं? थांबलेलं माणूस सापडतं, पुढे गेलेलं सापडत नाही. असो. हे तुझ्यासाठी नाही.

तुझी नोकरी नोव्हेंबरात आहे ना? मग पाच दिवसांची घाई कोणाची? आठ-नऊ दिवस घे. नसतील तर कंबरलँडपर्यंतच जा आणि अ‍ॅमट्रॅकनं परत ये. सायकल गाडीत चढवता येते, पण आधी आरक्षण कर, आणि दिवसातून एकच गाडी असते हे लक्षात ठेव. अर्धीच केलीस म्हणून मी काही म्हणणार नाही. अंधारात पूर्ण केलीस तर म्हणेन.

आईला एकटीनं जायची काळजी वाटते, तेही याच नियमात बसव. काठावर मोबाइलला मधे मधे रेंज नसते. पण रोज आज कुठे थांबणार हे आईला आणि मला सकाळी कळवलंस आणि तीनच्या सुमाराला तिथे असलीस, तर उजेड असेपर्यंत कुणाला तरी फोन करायला, रेंजरला विचारायला वेळ मिळतो. आठला पोचणार असशील तर आठपर्यंत आम्हाला काहीच कळत नाही.

आणि थांबून काय करू, असं विचारू नकोस. ओहायोपाइलला थांबलीस तर उंच पुलावरून राफ्टवाल्यांच्या किंकाळ्या ऐक. कॉन्फ्लुअन्सला तीन पाणी एकत्र येतात, तिथे पाय सोडून बस. मायर्सडेलच्या अलीकडे सॅलिसबरीचा पूल आहे, 582 मीटर लांब, वर पवनचक्क्या, खाली नदी आणि रूळ. मालगाडी जायची वाट बघ, लांबलचक असते. हे सगळं तुझ्या शीटमध्ये "पास" असं लिहिलंय. पास!

बिग सॅव्हेज बोगदा डिव्हाइड ओलांडल्यावर लगेच, किलोमीटरभर लांब. आत दिवे आहेत पण गार असतं, जाकीट बाहेरच घाल. थंडीत त्याची दारं बंद करतात, निघायच्या आधी उघडा असल्याचं बघून घे. पॉ पॉमध्ये मात्र मिट्ट काळोख, अरुंद वाट, कठडा लाकडी. उतरून सायकल ढकलत जा आणि टॉर्च डोक्यावर बांधायचा ने. पूर येऊन गेला असेल तर कालव्याचे काही तुकडे बंद असतात, तेही उद्यानाच्या साइटवर बघ.

शीट नव्यानं कर, मैलांचा रकाना न घालता. मुक्कामाच्या गावांची नावं आणि पुढे फक्त "तीन" एवढं लिही. शनिवारी घरी ये, पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या, माझे घेऊन जा, नवे विकत घेऊ नकोस. डाव्याचा हूक ढिला आहे, तिथे मी झिप टाय लावलाय, तो कापू नकोस. आणि येताना भाजणी आण, इथल्या दुकानातली संपली आहे.

तुझी,
मावशी