‘नैसर्गिक’ ठीक, पण झाडाचा कुठला भाग?

प्रश्न : मी घरीच थोड्या प्रमाणात क्रीम आणि तेले बनवते. प्रत्येक पुरवठादार आपला माल ‘नैसर्गिक आणि शाश्वत’ असल्याचे सांगतो. खरेखोटे कसे ओळखायचे?

उत्तर : त्या दोन शब्दांवर वेळ घालवू नका. आधी विचारा, झाडाचा कुठला भाग वापरला? बी, पान, फूल काढले तर झाड उभे राहते. मूळ, साल किंवा गाभ्याचे लाकूड घेतले की बहुतेक वेळा झाडच जाते. चंदनाचे तेल खोडाच्या आणि मुळाच्या गाभ्यात असते, म्हणून झाड मुळासकट काढतात. जटामांसीचेही तसेच, तेल जमिनीखालच्या भागात, त्यामुळे रोप उपटावेच लागते. रोझवुडच्या तेलासाठी अ‍ॅमेझॉनच्या जंगलात इतकी तोड झाली की २०१० मध्ये त्या झाडाचा समावेश ‘साइट्स’ या धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. रोझवुडमधला लिनालूलचा सुगंध तेवढा हवा असेल, तर कापराच्या झाडाच्या पानांपासून काढलेले ‘हो लीफ’ तेल ते काम करते.

मग विचारा, माल जंगलातून गोळा केलेला की लागवडीचा? जंगलातला असेल तर ‘फेअरवाइल्ड’सारखे, वनस्पती जपून गोळा केल्याचे प्रमाणपत्र मागा. ‘सेंद्रिय’ म्हणजे खते-कीटकनाशके नाहीत एवढेच नव्हे हे खरे, पण जंगलातून किती ओरबाडले याचे उत्तर त्या एका शब्दात मिळत नाही. शेवटी वनस्पतीचे शास्त्रीय नाव, काढणीचा हंगाम, लॉट क्रमांक आणि त्याच लॉटचे विश्लेषण प्रमाणपत्र घ्या. दोन वेगवेगळ्या लॉटच्या प्रमाणपत्रांवर आकडे दशांशापर्यंत सारखे आले, तर तो कागद नुसता टाइप केलेला आहे, त्यामागे तपासणी नाही.

प्रश्न : साबणातून पाम तेल काढून खोबरेल वाढवले. आता आमची उत्पादने पाममुक्त म्हणता येतील ना?

उत्तर : साबणाबद्दल कदाचित. क्रीमबद्दल घाईने म्हणू नका. एमल्सिफायिंग वॅक्स, सीटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, सोडियम लॉरिल सल्फेट, इतकेच काय वनस्पतीजन्य ग्लिसरीनही अनेकदा पाम तेलापासून किंवा पामच्या बीमधल्या गराच्या तेलापासूनच येते. प्रत्येक घटकाचा मूळ स्रोत लेखी मागितल्याशिवाय ते कळत नाही.

आणि पाम सोडणे हेच शहाणपण, असेही आम्हाला वाटत नाही. पाम हेक्टरी साधारण तीन ते चार टन तेल देतो. सोयाबीन जेमतेम अर्धा टन. नारळाचे उत्पन्नही पामपेक्षा खूपच कमी. म्हणजे तेवढेच तेल दुसऱ्या पिकातून घ्यायचे तर जमीन जास्त लागते. गुन्हा पिकाचा नाही, जंगल तोडून लावलेल्या मळ्यांचा आहे. म्हणून आरएसपीओ (शाश्वत पाम तेलाचे प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणित माल घेताना पद्धत विचारा. ‘आयडेंटिटी प्रिझर्व्ड’मध्ये मूळ ठिकाणापर्यंत माग काढता येतो. ‘सेग्रिगेटेड’मध्ये अनेक ठिकाणचे तेल एकत्र होते, पण सगळे प्रमाणित. ‘मास बॅलन्स’मध्ये प्रमाणित आणि साधे तेल एकाच टाकीत मिसळते, हिशेब कागदावर जुळतो. ‘बुक अँड क्लेम’मध्ये तर तुम्ही फक्त प्रमाणित तेलाचे कागदी श्रेय (क्रेडिट) विकत घेता, डब्यातले तेल कुठलेही असू शकते. पामपासून बनवलेले घटक बहुतेक मास बॅलन्सवरच मिळतात. तसे असेल तर लेबलवर तसेच लिहावे.

प्रश्न : मधमाशीच्या मेणाऐवजी तेवढेच कॅन्डेलिला मेण घातले, तर लिप बाम दगडासारखा झाला. चूक कुठे?

उत्तर : ‘तेवढेच’ या शब्दात. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, कॅन्डेलिला ७० च्या आसपास, आणि ते ठिसूळही असते. जिथे मधमाशीचे मेण २० टक्के होते तिथे कॅन्डेलिला १० टक्क्यांपासून सुरू करा, मग एकेक टक्क्याने वर-खाली करून पाहा. कार्नोबा त्याहून कडक, ८० अंशांच्या पुढे वितळणारे; तो आणखी कमी लागतो.

पण कॅन्डेलिला म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही, हा समज सोडा. हे झुडूप उत्तर मेक्सिकोच्या वाळवंटी भागातले; मेणासाठी ते उपटले जाते, आणि त्याचीही नोंद साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून काढतात, झाड शाबूत राहते. तिथे विचारायचे ते मजुरांच्या परिस्थितीबद्दल. आमची पसंती सूर्यफुलाच्या मेणाला. तेल शुद्ध करताना ते नाहीतरी वेगळे काढावेच लागते. ५ ते ८ टक्क्यांत घट्टपणा येतो.

प्रश्न : घाण्याचे रोझहिप (जंगली गुलाबाच्या बियांचे) तेल एकदम पाच लिटर घेतले, चार महिन्यांत खवट झाले. व्हिटॅमिन ई घालून वाचेल का?

उत्तर : नाही. व्हिटॅमिन ई खवटपणा लांबवते, परतवत नाही. ते तेल त्वचेवर लावायच्या मालात घालू नका.

रोझहिपमध्ये लिनोलिक आणि लिनोलेनिक आम्लांचे प्रमाण मोठे, त्यामुळे ते हवेने लवकर बिघडते. पुढच्या वेळी तीन महिन्यांत संपेल एवढेच घ्या. टाकून दिलेले तेल कितीही ‘शाश्वत’ असले तरी वायाच गेले. प्रमाणपत्रावर पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल हवेने किती बिघडू लागले आहे ते दाखवणारा आकडा, पाहा. घाण्याच्या खाद्यतेलांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा १५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति किलो आहे. नाजूक तेल ५ च्या आत मिळाले तर उत्तम. मात्र एक फसवणूक इथेच होते. पेरॉक्साइड पुढे फुटून ॲल्डिहाइड बनतात, तेव्हा जुन्या तेलात हा आकडा पुन्हा उतरतो. म्हणून सोबत अ‍ॅनिसिडीन मूल्यही (ते ॲल्डिहाइड मोजणारा आकडा) मागा, आणि नाकावर विश्वास ठेवा : जुन्या रंगासारखा किंवा मेणखडूसारखा वास आला की माल परत.

आल्याबरोबर ०.२ ते ०.५ टक्के मिश्र टोकोफेरॉल (म्हणजेच व्हिटॅमिन ई) घाला, गडद काचेच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवा.

प्रश्न : क्रीममध्ये घालायचे स्क्वालेन हे तेलकट द्रव्य शार्कच्या यकृताचे असते असे ऐकले. बाटलीवरून कळते का?

उत्तर : नाही. शार्क, ऑलिव्ह की ऊस, लेबलवर नाव एकच येते. प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून स्रोत ओळखता येतो, पण एवढा खर्च लहान उत्पादकाने करण्याची गरज नाही. स्रोत लिहून द्यायला जो पुरवठादार तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.