तुलना कशाशी करायची?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

व्यसनी माणसाला डॉक्टरनेच हेरॉइन द्यावं का, यावरचा तुझा लेख वाचला. ‘आता सरकारच गर्द वाटणार!’ या वाक्याला टाळ्या पडतील, म्हणूनच ते आधी काढ. हेरॉइन चांगलं की वाईट, यावर कुणाचंच दुमत नाही. जो माणूस ते घेतोच आहे, त्याने ते कुठून आणि कसं घ्यावं, यावर वाद आहे.

झुरिकची हकीकत नीट समजून घे. प्लाट्झस्पिट्झ बागेत लोक उघड्यावर सुया टोचून घेत. १९९२ साली बाग बंद केली, तर गर्दी लेटेनच्या जुन्या स्टेशनाकडे सरकली. १९९४ पासून स्वित्झर्लंडमध्ये देखरेखीखाली हेरॉइन देणं सुरू झालं, तेही मेथॅडोन (हेरॉइनऐवजी देतात ते, तलफ शमवणारं औषध) आणि तसले उपचार करून थकलेल्यांनाच. दवाखान्यात यायचं, नर्ससमोर स्वतः टोचून घ्यायचं, थोडं थांबून निघायचं. हेरॉइनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून दिवसातून दोन-तीन खेपा. पण मात्रा मोजलेली, भेसळ नाही, सुई स्वच्छ आणि पुढच्या डोससाठी चोरी करायची गरज नाही. २००८ च्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के लोकांनी याला कायद्यात कायमची जागा दिली.

विरोधकांना मात्र तू स्वस्तात निकालात काढलंस. टोचल्यावर काहींना झटके येतात, श्वास मंदावतो. म्हणून प्रशिक्षित माणसं सतत हजर लागतात आणि खर्च मेथॅडोनच्या कितीतरी पट होतो. इंग्लंडमधल्या मिडल्झब्रोची योजना २०१९ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये पैशांअभावी बंद पडली.

त्याहून अवघड मुद्दा तुझ्या लेखात आलेलाच नाही. अनेक ठिकाणी मेथॅडोन अपुऱ्या मात्रेत देतात, किंवा रुग्ण एकदा घसरला की बंद करतात, आणि मग ‘उपचार फसला’ अशी नोंद होते. रुग्ण फसला की दवाखाना? कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांत हेरॉइन मिळालेल्या गटाची कामगिरी मेथॅडोनच्या गटापेक्षा सरस ठरली, हे खरं. ब्रिटनच्या चाचणीत मेथॅडोनही नीट, पुरेशा मात्रेत देण्याची काळजी घेतली होती, म्हणून तो निष्कर्ष मला जास्त पटतो. (माझा कौल कुठे आहे हे तुला कळलंच असेल. तुझा तसाच असायला हवा असं नाही.)

पुढचा मसुदा मेथॅडोनपासून सुरू कर. हेरॉइन तिसऱ्या परिच्छेदाआधी नको.