पहिली समीक्षा लिहिताना

आपण कादंबरीची समीक्षा प्रथमच लिहीत आहात, म्हणून आवर्जून सांगतो की कथानक दोन-चार वाक्यांत आटोपावे आणि उरलेली जागा ‘हे कसे सांगितले आहे’ या प्रश्नाला द्यावी. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ साली प्रसिद्ध झालेली ‘कोसला’ घ्या: नायक पांडुरंग सांगवीकर स्वतःच निवेदक असल्यामुळे वसतिगृह, वडील, गाव हे सारे त्याच्याच नजरेतून येते, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी त्याची तिरकस भाषा कशी बदलते, हे त्या पानांवरील नेमकी वाक्ये उद्धृत करूनच दाखवावे लागते. ‘ओघवती शैली’सारखी विशेषणे कोणत्याही पुस्तकाला चिकटतात, मला तरी ती निरुपयोगी वाटतात. दोष दाखवतानाही उतारा समोर ठेवावा आणि रोख लेखकाच्या स्वभावावर नव्हे, तर संहितेवर असावा.