टाकाऊ वस्तूकडे तिचे जुने काम विसरून पाहावे

घर आवरताना रिकाम्या बरण्या, सायकलचे फाटके ट्यूब, मोडक्या कपाटाचे सुटे खण, जुन्या फळ्या अशा वस्तू हाती येतात. त्या टाकवत नाहीत आणि ठेवल्या तर अडगळ वाढते. अशा वस्तूंमधले सौंदर्य आणि त्यांचा नवा उपयोग ओळखण्याची दृष्टी उपजत असते की कमावता येते, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ती कमावता येते आणि तिचा मार्गही बराचसा स्पष्ट आहे. वस्तू ज्या कामासाठी बनवली गेली ते काम काही वेळ बाजूला ठेवायचे आणि ती कशाची बनली आहे, तिचा आकार कसा आहे, ती काय सहन करते, काय अडवते आणि कशाला धरून ठेवते, एवढेच पाहायचे. सौंदर्य आणि उपयोग हे दोन्ही याच पाहण्यातून हाती लागतात, म्हणून मी त्यांचा वेगवेगळा विचार करत नाही.

हे ऐकायला सोपे असले तरी करताना मन आडवे येते. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे; त्याचे इंग्रजी लेखन त्याच्या मृत्यूनंतर, 1945 साली प्रकाशित झाले. आज तो प्रयोग साधारणपणे असा सांगितला जातो : समोर मेणबत्ती, काड्यापेटी आणि चपट्या डोक्याच्या टाचण्यांनी भरलेली एक छोटी पेटी ठेवलेली असते आणि मेणबत्ती भिंतीवर बसवायची असते. उत्तर असे की टाचण्या बाहेर काढून पेटीच भिंतीला टोचायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. पेटी टाचण्यांनी भरलेली असते तेव्हा पुष्कळांना हे सुचत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती टाचण्या ठेवण्याची जागा असते. तीच पेटी रिकामी करून शेजारी ठेवली की उत्तर सापडणाऱ्यांची संख्या वाढते. पेटी तीच असते, पण तिच्यावर एक काम चिकटलेले असते आणि त्या कामाआड तिचा सपाट तळ दिसेनासा होतो.

यावरचा उपाय अँथनी मॅकॅफ्री या अमेरिकी संशोधकाने 2012 मध्ये मांडला आणि टाकाऊ वस्तूंच्या बाबतीत मला त्याच्याइतका उपयोगी दुसरा सापडलेला नाही. हातातील वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारायचे. हिचे आणखी सुटे भाग होतात का? आणि मी त्या भागाचे जे वर्णन करते आहे, त्यात त्याचा उपयोग दडलेला आहे का? दडलेला असेल, तर आकार आणि द्रव्य यांच्या भाषेत नवे वर्णन करायचे. त्याने अभ्यासासाठी दिलेल्या एका कोड्यात दोन जड पोलादी कड्या एकमेकींना बांधायच्या होत्या आणि साधन म्हणून मेणबत्ती दिलेली होती. मेणबत्तीची वात ही जळण्यासाठी असते असे मनात असेपर्यंत वाट सापडत नाही. वात म्हणजे मेणात बुडवलेला सुती दोरा आहे असे म्हटले की मेण खरवडून तो दोरा बाहेर काढण्याचे सुचते. ही पद्धत शिकलेल्यांनी अशी कोडी इतरांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक सोडवली.

आता हीच रीत सायकलच्या फाटक्या ट्यूबला लावून पाहा. पंक्चरांनी निकामी झालेले ट्यूब म्हणजे हवा धरून ठेवू न शकणारी वस्तू, असे म्हटले तर ती कचराच आहे. पण ती बहुधा ब्यूटाइल रबराची, आतून पोकळ, लांबच लांब नळी आहे. ती पाण्याला दाद देत नाही, ताणली तर पुन्हा मूळ मापावर येते आणि गुळगुळीत पृष्ठभागावरून सहसा घसरत नाही. आडवी कापली की हव्या त्या रुंदीची रबरी कडी मिळते. लांबीत कापली की पट्टी मिळते. रुंद कडी हातोडीच्या किंवा करवतीच्या दांड्यावर चढवली की पकड सुधारते, आणि घट्ट बसलेले झाकण उघडताना तीच कडी झाकणावर चढवता येते. रोप काठीला बांधायला मला सुतळीपेक्षा ही पट्टी अधिक योग्य वाटते, कारण खोड जाड होत जाते तशी ती ताणली जाते आणि सालीत सहसा रुतत नाही. तरीही अधूनमधून ती तपासून पुन्हा बांधावी लागतेच. कापण्यापूर्वी आतली पांढरी पूड पाण्याने धुऊन टाकावी. फर्निचरच्या पायांखाली हे रबर लावायचे असेल तर खाली व्हिनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची, फरशी नाही ना, हे आधी पाहावे. रबराचे डाग त्या फरशीत उतरतात आणि पुसून जात नाहीत.

याच सायकलच्या व्हॉल्व्हवरील बारीक रबरी नळीने किती मोठे काम केले आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलांसाठी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणारे आणि 2018 मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले अरविंद गुप्ता यांनी त्या नळीचे छोटे तुकडे आगकाड्या जोडण्यासाठी वापरले. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खोचली की हवा तसा वाकणारा सांधा तयार होतो. अशा तीन सांध्यांचा त्रिकोण दाबला तरी आपला आकार सोडत नाही, चार सांध्यांचा चौकोन मात्र लगेच एका बाजूला कलतो. पुलांच्या सांगाड्यांत इतके त्रिकोण का असतात, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी कळते. येथे नळीचे सौंदर्य तिच्या दिसण्यात नाही. काडी घट्ट धरणे आणि तरीही वाकणे या तिच्या दोन गुणांच्या अचूक मेळात ते आहे, आणि ते एकदा जाणवले की ती नळी पूर्वीसारखी क्षुल्लक वाटत नाही.

काचेच्या बरण्यांबद्दल थोडक्यात सांगते. काच वास धरत नाही, वास राहतो तो झाकणाच्या आतल्या मऊ कड्यात. म्हणून बरणी ठेवून झाकण बदलणे बहुतेक वेळा पुरते. लेबल कोमट पाण्यात भिजवून निघते आणि मागे उरलेला चिकटपणा कोणतेही तेल चोळून काही वेळ ठेवला की सुटतो. थंड बरणीत एकदम उकळते पाणी ओतू नये, कारण साधी काच तापमानातला असा फरक सहन करत नाही आणि तडकते. खिळे, स्क्रू, बटणे, बिया अशा बारीक जिनसांसाठी बरणीइतकी सोयीची वस्तू विकत आणूनही मिळत नाही, कारण आतले न उघडता दिसते. पत्र्याची झाकणे फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्की करून बरण्या खालून फिरवून अडकवल्या, तर एरवी रिकामी राहणारी जागा कामी येते.

मोडक्या कपाटाच्या खणाकडे मात्र थांबून पाहण्यासारखे असते. खण जुना आणि भरीव लाकडाचा असेल तर त्याच्या कोपऱ्यांकडे पाहा. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा तिथे दोन फळ्या एकमेकींत बसवलेल्या असतात, आणि खण पुढे ओढताना पडणारा ताण ही जोडणी पेलते. हाच खण उभा करून भिंतीवर लावला की उथळ कप्पा होतो, पण लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. खणाचा तळ बहुधा पातळ असतो आणि तो फक्त खाचेत सरकवलेला असतो. भिंतीवर तो पाठीमागे जातो. त्यातून स्क्रू घातला तर सगळा भार सर्वांत दुबळ्या भागावर येतो. म्हणून वरच्या जाड फळीलगत आतून लाकडी पट्टी जोडावी आणि स्क्रू त्या पट्टीतून भिंतीत घालावेत. बाहेरच्या बाजूची मूठ काढू नये, असे माझे मत आहे. खण हा खण होता हे दिसत राहिले तरच त्या कप्प्याला अर्थ येतो.

हीच गोष्ट छापखान्यातील खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ठेवण्याच्या जुन्या लाकडी केसबद्दल, म्हणजे कप्प्यांच्या पेटीबद्दल, मला फार प्रकर्षाने जाणवते. आज लोक तिच्यात शिंपले, बटणे, लहान मूर्ती मांडतात, आणि तिचे कप्पे असे लहानमोठे का, याचा विचार क्वचितच होतो. इंग्रजी अक्षरजुळणीच्या केसमध्ये सर्वांत मोठा कप्पा ‘ई’ या अक्षराचा असतो, कारण त्या भाषेत तेच अक्षर सर्वाधिक लागते. एका भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते, याचा आराखडाच सुताराने लाकडात उतरवलेला असतो. हे कळल्यावर ती केस भिंतीवर रिकामी टांगली तरी पाहत राहावेसे वाटते.

म्हणून जुन्या वस्तूत फार फेरफार करू नयेत, याबाबत माझा आग्रह आहे. बाटलीवर रंगाचे थर देणे, वर काथ्या गुंडाळणे, चमकी चिकटवणे हे प्रकार मला पटत नाहीत, कारण काचेचा पारदर्शकपणा हा तिचा मुख्य गुणच त्याने झाकला जातो. अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या इटालियन भावांनी 1957 मध्ये ट्रॅक्टरची पत्र्याची बैठक घेऊन स्टूल तयार केले. शरीराच्या आकाराची खोलगट, भोके पाडलेली ती बैठक त्यांनी आहे तशी ठेवली, तिला लवचिक पोलादी पट्टीचा आधार दिला आणि तोल राहावा म्हणून खाली लाकडी आडवा दांडा घातला. 1942 मध्ये पिकासोने सायकलची सीट आणि हँडल एकत्र जोडून बैलाचे मस्तक केले. दोन्ही भाग ओळखू येतात आणि बैलही दिसतो. दृष्टी या दोहोंमध्ये मागेपुढे होत राहते आणि आनंद तेवढ्यातच असतो. त्या सीटवर नक्षी काढली असती तर बैलही गेला असता आणि सायकलही.

वस्तू एकेकटी काहीच सांगत नसेल, तर तिच्यासारख्या पुष्कळ एकत्र पाहाव्यात. चंडीगडमध्ये रस्ते निरीक्षक म्हणून काम करणाऱ्या नेक चंद यांनी बांधकामांतून निघालेले तुकडे, फुटकी भांडी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे वर्षानुवर्षे गुपचूप गोळा करून रॉक गार्डन ही शिल्पांची बाग उभारली; ती 1976 मध्ये लोकांसाठी खुली झाली. बांगडीचा एक तुकडा हाताला टोचणारी काच असते. रंगांनुसार निवडून शेजारी शेजारी बसवलेल्या असंख्य तुकड्यांचा मात्र पोशाख होतो, पिसारा होतो. घरात एवढा साठा करणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही, पण गोळा केलेल्या गोष्टी सरमिसळ न ठेवता जातीनुसार वेगळ्या ठेवण्याची सवय येथून जरूर घ्यावी. चाव्या चाव्यांबरोबर आणि बटणे बटणांबरोबर ठेवली की त्यांतील फरक दिसू लागतात, आणि कशाचा उपयोग होणार नाही हेही कळते.

काही वस्तूंच्या बाबतीत सौंदर्याचा विचार करू नये. ज्या डब्यात कीटकनाशक किंवा तीव्र रसायन होते, तो कितीही धुतला तरी घरात वापरू नये, आणि पाण्याच्या बाटलीत रसायन तर कधीच भरू नये. जुन्या लाकडावरील रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर शिक्का पाहावा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेले लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेले. दुसऱ्या प्रकाराचे पॅलेट घरात आणूच नये. फुगलेली बॅटरी हाताळत बसू नये. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे सोपवावी.

राहिला अडगळीचा प्रश्न, आणि तो खरोखरच गंभीर आहे. मी वस्तू ठेवण्यापूर्वी स्वतःला एकच विचारते : ही वस्तू हाती आली नसती, तरी या कामासाठी मी काहीतरी शोधलेच असते का? उत्तर होकारार्थी असेल तर वस्तू त्याच आठवड्यात कामाला लागते. जिच्यासाठी काम ओढूनताणून शोधावे लागते, ती दोन-चार वर्षे कोपऱ्यात राहून शेवटी जातेच, म्हणून ती आताच जाऊ द्यावी. जाऊ देणे हा अपमान नव्हे. काच आणि पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येतात, आणि ॲल्युमिनियम खनिजापासून नव्याने काढण्याऐवजी जुनेच वितळवले तर सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. रिकामा ॲल्युमिनियमचा डबा घरात पेनस्टँड होऊन राहण्यापेक्षा भंगारात जाणे पुष्कळदा अधिक हिताचे असते.

मात्र ही वाट खुली राहायची असेल, तर नवा उपयोग करतानाच जोडणीचा विचार करावा लागतो. काचेला पत्रा आणि पत्र्याला प्लॅस्टिक पक्क्या गोंदाने चिकटवले की तिन्ही द्रव्ये एकमेकांत अडकतात, आणि पुढे ते मिश्रण ना घरात चालते ना भंगारात. म्हणून गोंदाऐवजी स्क्रू, खाच, तार, दोरी किंवा वर सांगितलेली रबरी कडी वापरावी, म्हणजे काम संपेल त्या दिवशी प्रत्येक भाग सुटा करून त्याच्या जातीच्या ढिगात टाकता येईल, किंवा दुसऱ्या कामाला लावता येईल.